वहीतल्या फुल्या

सकाळी दहा वाजता सुई ओवायची. पहिल्या झटक्यात दोरा आत गेला तर दिवसभरासाठी कात्री मिळायची, नाही गेला तर नाही. आमच्या शेजारच्या शिवणकामाच्या दुकानात हा नियम अकरा वर्षं चालला. परीक्षा द्यायची आईने आणि घ्यायची मुलीने.

आई म्हणजे मास्तरीणबाई. वय त्रेसष्ट. कोट कापण्यात त्यांचा हात धरणारा मी तरी पाहिलेला नाही. फर्मा नाही, कागद नाही. माणूस समोर उभा करायचा, एकदा पुढून बघायचं, एकदा मागून, चार मापं घ्यायची आणि खडू थेट कापडावर टेकवायचा. मुलगी अडतीस वर्षांची, शिवणारी. गल्लीत तिला सगळे ‘किल्ली’ म्हणतात, कारण कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात असते आणि कपाटात ती बारा इंची कात्री. वडील या हिशेबात धरायचे नाहीत. ते फार पूर्वी गेले. वर नाही गेले, नुसतेच गेले.

परीक्षेचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बाई प्यायच्या. इस्त्रीच्या टेबलावर पाणी शिंपडायची जी बाटली होती, तिच्यात बरेचदा पाणी नसायचं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एका वकिलाच्या कोटाचे दोन्ही पुढे, म्हणजे छातीवरचे दोन भाग, डावेच कापले. वकील चांगला माणूस, म्हणाला, “मी दोन्ही बाजूंनी लढतो, पण दोन्ही डाव्या नसतात.” त्याच संध्याकाळी किल्लीने कपाटाला कुलूप लावलं आणि शंभर पानी वही आणली. वहीत तारीख, आणि तारखेपुढे एक खूण. सुई ओवली तर बरोबर, नाही ओवली तर फुली. आता तशा चार वह्या झाल्या होत्या, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. तिच्या लेखी ती एकच वही.

फुलीच्या दिवशी गिऱ्हाइकांना काय सांगायचं याचीही तिची पद्धत होती. पित्त, मान, पाठ, चुलतबहिणीचं बाळंतपण. दाढ अकरा वर्षांत नऊ वेळा काढली. मी बटणांचा दुकानदार, दिवसातून चार वेळा अस्तर नाहीतर बटणं द्यायला तिथे जाणार, एकदा तिला म्हटलं, “किल्लीताई, एवढ्या दाढा मगरीला असतात.” ती म्हणाली, “काका, तुम्ही बटणं मोजा.”

पण बरोबरची खूण पडली की त्या दुकानाचा चेहराच वेगळा. किल्ली गुणगुणत मशीन चालवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, “आई कापतेय आज.” जणू आई आभाळातून विमान चालवत होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी कापलेला कोट बघून मलाही तसंच वाटायचं.

बाईंनी दारू याआधी चार वेळा सोडली होती. पहिल्यांदा नऊ दिवस, मग एकवीस, मग चाळीस, मग पुन्हा सहा. पाचव्यांदा सोडली ती पावणेपाच महिन्यांपूर्वी, कोणाला काही न सांगता. दर मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत दारू सोडणारी काही माणसं खुर्च्या गोल मांडून बसतात, तिथे जायला लागल्या. बाटलीत पाणी आलं. पण सुई काही ओवली जाईना. रोज दहा वाजता बाई खुर्चीत बसायच्या, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायच्या, हात वर न्यायच्या आणि दोरा सुईच्या भोवती माशीसारखा फिरत राहायचा. पावणेपाच महिने सलग फुल्या. कात्री कपाटात, आणि दुकानात नुसती पॅन्टींची टोकं आखूड करणं आणि चेनी बदलणं.

“मी घेतलेली नाही,” बाई म्हणायच्या.

“बरं,” किल्ली म्हणायची आणि फुली मारायची. आवाज चढवायची नाही. तिचं ते ‘बरं’ ऐकण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

अशात एक दिवस बंबसाहेब आले. आगीच्या बंबांचं जे ठाणं आहे त्याचे प्रमुख. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. बरोबर निळ्या लोकरी कापडाचा तागा.

“ठाण्याला पंच्याहत्तर वर्षं होताहेत,” ते म्हणाले. “महिन्याभराने संचलन. बारा कोट. कापड जुनं आहे, ज्या गिरणीत विणलं ती बंद पडली. बारा कोटांना पुरेल, वर वीतभर उरेल. मास्तरीणबाईच कापणार ना?”

“हो तर,” किल्ली म्हणाली.

“तब्येत कशी आहे त्यांची?”

“दाढ दुखतेय जरा.”

मागे इस्त्रीच्या टेबलाशी बाई उभ्या होत्या. त्यांनी जिभेने सगळ्या दाढा चाचपल्या.

बंबसाहेब गेले तशी बाईंनी हात पुढे केला. “कात्री दे.”

“सुई ओव.”

“अगं, सुईचं काय घेऊन बसलीस? कोट कापायचाय मला, भरतकाम नाही करायचं.”

“ओव आणि घे.”

बाईंनी पाच वेळा प्रयत्न केला. पाचव्या वेळी दोऱ्याचं टोक फुटलं आणि त्यांनी सुई टेबलावर ठेवली. हळूच ठेवली, आपटली नाही. “मी घेतलेली नाही,” त्या म्हणाल्या.

किल्ली तेव्हा ‘बरं’ही म्हणाली नाही. ती माझ्या दुकानात आली आणि बाकावर बसली. “काका, तिला कापू दिलं आणि कापड गेलं तर बारा माणसांना कोट नाही. नाही दिलं तर कापणार कोण? मी?”

“का? तू कर की.”

“मला येत नाही.” ती हसली, पण ते हसू नव्हतं. “अकरा वर्षं मी रोज तिच्या हाताकडे बघतेय, काका. थरथरतोय का, थरथरतोय का. हात खडूने काढतोय काय ते बघायचं राहूनच गेलं.”

मग मी एक शहाणपणा केला. दोन गल्ल्या पलीकडे एक कटर होता, नुकताच एका मोठ्या दुकानातून सुटलेला. खिशात कायम पट्टी, म्हणून त्याला फूटपट्टी म्हणत. मी त्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी दहाला तो हजर. पांढरा सदरा, कडक कॉलर, केस चापून बसवलेले, तोंडात लवंग. मी बटणांची पेटी घेऊन मुद्दाम तिथेच रेंगाळलो. मीच शिफारस केली होती, तर मला बघायचंही होतं. किल्लीने त्याच्यापुढे सुई ठेवली.

“हे काय?”

“इथली पद्धत आहे.”

त्याने सुई उचलली, दोरा घेतला आणि बोलता बोलता, न बघितल्यासारखा, ओवला. एका झटक्यात. किल्लीचा चेहरा असा उजळला की किती महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. तिने गळ्यातली किल्ली काढली.

इस्त्रीच्या टेबलाशी बाई हसल्या. मोठ्याने नाही, नाकातून.

“हसायला काय झालं?” किल्लीने विचारलं.

“काही नाही. मास्तर, सकाळी किती टाकलीत?”

“काय किती?” फूटपट्टी म्हणाला.

“चहा विचारत नाहीये मी.”

“बाई, जरा तोंड सांभाळून बोला. मी काय झिंगलोय?”

“झिंगलात असं कुठे म्हटलं? झिंगायला नाही, हात बसायला घेतलीत. दोन बोटं. साडेनऊच्या सुमारास. लवंग त्यानंतरची.”

फूटपट्टीने माझ्याकडे पाहिलं. मी पेटीतली बटणं रंगाप्रमाणे लावायला घेतली.

“कामापुरती घेतो,” तो शेवटी म्हणाला. “कामात फरक पडला तर मग बोला.”

“फरक नाही पडत हो. तेच तर वाईट आहे. वर्षानुवर्षं नाही पडत.” बाई हे त्याला चिडवून म्हणाल्या नाहीत. पंगतीतल्या शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाल्या. “मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या वर येत जा. खुर्च्या रिकाम्या असतात.”

तो पट्टी खिशात नीट बसवत निघून गेला. सुई ओवलेलीच राहिली.

“तुला कसं कळलं?” किल्लीने विचारलं.

“आमच्यातला माणूस ओळखायला मला वेळ लागतो होय? एवढ्या वर्षांचा पिणारा, आणि रिकाम्या अंगाने सकाळी सुई ओवेल? अगं, आदल्या दिवशीची उतरली की हात नाचायला लागतो. थोडी पोटात गेली की बसतो. मग सांगशील तेवढ्या सुया.”

इस्त्री तापून तापून वास यायला लागला, ती मीच बंद केली. मग किल्लीने वही ओढली. पान उलटलं, मग आणखी एक, मग मधलंच कुठलं तरी.

“म्हणजे ज्या दिवशी ओवलीस...”

“त्या दिवशी घेतलेली असायची.”

“आणि ज्या दिवशी नाही...”

“त्या दिवशी सोडायला बघत होते.” बाई थांबल्या. “प्रत्येक वेळी नाही. कधी कधी जास्तच झालेली असायची, तेव्हाही नाही ओवली. पण बहुतेक वेळा.”

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलो आहे, सवयच तशी. पण अख्खी वही उलटी लिहिली गेलेली मी प्रथमच बघत होतो. जमेचं नावे आणि नावेचं जमा. ज्या दिवशी आई हरली त्या दिवशी लेक गुणगुणली, आणि ज्या दिवशी आई दात-ओठ खाऊन उभी राहिली त्या दिवशी लेकीने ‘बरं’ म्हणून तोंड फिरवलं. कोणी लबाडी केली नव्हती. मोजमाप चोख होतं. फक्त मोजायची पट्टीच उलटी धरली होती.

“अकरा वर्षं तू मला बोलली नाहीस,” किल्ली म्हणाली.

“पीत होते तेव्हा कशाला बोलेन? कात्री गेली असती.”

“आणि आता? हे पावणेपाच महिने? रोज माझ्यासमोर बसून हरायचीस?”

बाईंनी पदराशी चाळा केला. “डॉक्टर म्हणाले, थोडी थरथर राहील, नसांचं आहे. चिठ्ठीही दिली. पण पोटच्या पोरीला चिठ्ठी दाखवून खरं ठरायचं? नको वाटलं. आणि दुसरं म्हणजे...”

“काय?”

“तुझ्या त्या बरोबरच्या खुणा. किती जपायचीस तू त्या. म्हटलं, एवढ्या वर्षांत माझ्याकडून तिला मिळालं ते तेवढंच. तेही काढून घेऊ?”

किल्लीने वही दोन्ही हातांत धरली आणि मधोमध ताणली. दोरा करकरला.

“फाडायची नाही!” बाई ओरडल्या. इतक्या मोठ्याने मी त्यांना प्यायलेल्या असतानाही ओरडताना ऐकलं नव्हतं. “त्यातल्या फुल्या माझ्या आहेत. दुसरीकडे कुठे लिहिलेल्या नाहीत त्या. मलासुद्धा आठवत नाहीत सगळ्या. फाडतेस काय, मोज!”

त्या दुपारी किल्लीने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि फुल्या मोजल्या, सलग ओळ म्हणजे एक वेळ. नऊ दिवसांची ओळ सापडली, एकवीसची सापडली, चाळीसची सापडली. पण त्यांच्या मध्येमध्ये एकेकट्या फुल्याही होत्या, एक दिवसाच्या, दोन दिवसांच्या, ज्यांचा पत्ता ना मला होता ना गल्लीला. आम्ही म्हणत होतो, बाईंनी चार वेळा सोडली. वही म्हणत होती, पावणेदोनशे वेळा. त्यातल्या काही जास्त झालेल्या दिवसांच्या असतील, त्या वजा करा. तरी उरतात त्या कमी नाहीत. एवढ्या वेळा पडून एवढ्या वेळा उठलेला माणूस मला दुसरा माहीत नाही, आणि मी या रस्त्यावर तीस वर्षं माणसंच बघतो आहे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता टेबलावर सुई नव्हती. किल्लीने कपाट उघडलं, कात्री काढली, पण लगेच सोडली नाही.

“आई, हे कापड पुन्हा मिळायचं नाही.”

“माहीत आहे.”

“चुकलं तर?”

“चुकलं तर चुकलं म्हणेन.”

“पूर्वी काय म्हणायचीस?”

“कापड आटलं म्हणायचे.”

दोघी हसल्या. मग किल्लीने कात्री दिली.

बंबवाल्या बारा जणांची मापं दोन दिवस आधीच घेऊन झाली होती; आता बाईंनी तागा उलगडला. मी दारात उभा. हात थरथरत होता, लपवायची काही सोय नव्हती. खडूची रेघ सरळ यावी म्हणून त्यांनी लाकडी पट्टीवर थंड इस्त्री ठेवली आणि तिच्या कडेने खडू ओढला. मग कात्री उचलली. एवढी जड कात्री हातात आली तसा हात जरा शांत झाला.

“सुई बोटांनी ओवतात,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, “कात्री खांद्याने चालते.” आणि चालली. हळू, पण जिथे जायचं तिथेच.

पूर्वी त्या दिवसाला चार कोट कापायच्या. आता एक. एक कोट कापून झाला की खुर्चीत बसून भिंतीकडे बघायच्या, पाठ घामाने भिजलेली. किल्ली मशीनवर, पण अर्धं लक्ष आईकडे. पूर्वीही ती आईकडे बघायचीच, पण पूर्वी चौकीदार बघतो तशी. आता मधूनच मशीन थांबवून विचारायची, “हा खांदा तू एवढा पुढे का घेतलास?” बाई म्हणायच्या, “त्याचा उजवा खांदा खाली आहे. पाण्याची नळी ओढून ओढून. कोटाने ते सांगता कामा नये.”

सातव्या दिवशी सातवा कोट. अकराच्या सुमारास मी काउंटरवर होतो आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

“चुकलं!”

हातातलं टाकून मी धावलो. बाई टेबलाशी ताठ उभ्या, कात्री बाजूला ठेवलेली. “बाहीत. दोन सूत, पाव इंच, आत गेले. कापड आटलेलं नाही, मी चुकले.”

अकरा वर्षांत त्या दुकानातून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. वकिलाच्या दोन डाव्या पुढ्यांच्या वेळीसुद्धा तो निघाला नव्हता. मी किल्लीकडे पाहिलं, आता रडते की ओरडते. तिचे डोळे भरलेले होते, आणि मान अशी वर होती की जणू आईला कोणी हार घातलाय.

“दोन सूत ना?” ती म्हणाली. “बगलेत जोड देऊ. उरलेल्या वीतभरात बसेल.”

“बसेल,” बाई म्हणाल्या. “पण ज्याचा कोट त्याला सांगायचं.”

जोड दिला. उरलेले पाच कोटही झाले. बटणं माझी, पितळी, एकूण शहाण्णव. एकही कमीजास्त नाही.

संचलनाच्या आदल्या सोमवारी बारा जण कोट घालून बघायला आले. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून निम्मे माझ्याकडे उभे. बंबसाहेब आरशासमोर पुढून, मागून, पुन्हा पुढून. कोटाने त्यांचं पोट निम्मं करून टाकलं होतं. ते स्वतःच चकित.

“यातल्या एका कोटाला उजव्या बगलेत जोड आहे,” बाई मोठ्याने म्हणाल्या. “माझी चूक. तो ज्याच्याकडे आहे त्याला सांगून ठेवते.”

ज्याच्याकडे होता तो पोरसवदा नव्हता, चांगला मिशाळ गडी होता. बगल चाचपत म्हणाला, “संचलनात दिसेल?”

“हात वर करून शरण जाणार असाल तर दिसेल.”

सगळे हसले. हसता हसता बंबसाहेब नेहमीच्या सवयीने किल्लीकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला, या विषयासाठी राखून ठेवलेला आवाज. “आता कशी आहे बाईंची तब्येत? दाढ?”

अकरा वर्षांची सवय. किल्लीचं तोंड उघडलं ते दाढेसाठीच उघडलं असावं. मग तिने ते मिटलं. आईकडे पाहिलं. बाईंनी काही खूण केली नाही, नुसता टेप गळ्याभोवती सरळ केला.

“दाढा सगळ्या ठणठणीत आहेत,” किल्ली म्हणाली. खालच्या आवाजात नाही. माझ्या दुकानात उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं. “आई प्यायची. आता सोडलीय. पाच महिने अठरा दिवस झाले. हात थरथरतो तिचा, थरथरतच राहणार आहे. तुमच्या अंगावरचे बाराही कोट तिने त्याच हाताने कापलेत. दुसऱ्या कोणाची एक रेघ नाही त्यात.”

बारा माणसं, रोज आगीत शिरणारी, एकालाही कुठे बघावं कळेना. बंबसाहेबांनी पोट आत घेतलं.

“सतरा,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“पाच महिने सतरा. आजचा दिवस अजून संपायचाय, तो संध्याकाळी धरायचा.” त्या पुढे झाल्या आणि थरथरत्या हाताने बंबसाहेबांच्या खांद्यावरची सुरकुती सारखी केली. “आणि तुम्ही जरा ताठ उभे राहा बघू. कोट ताठ माणसाच्या मापाचा कापलाय.”